विल्सनच्या गाडीसाठी बारा गाणी

१९८७ साली मँचेस्टरच्या टोनी विल्सनकडे जॅग्वार गाडी होती आणि त्या गाडीत सीडी प्लेअर बसवलेला होता. सीडी तेव्हा अगदी नवलाईची गोष्ट. विल्सन हा ग्रॅनडा टेलिव्हिजनवरचा ओळखीचा चेहरा. केंब्रिजमध्ये शिकलेला, बोलायला लागला की थांबवणं कठीण, आणि ‘फॅक्टरी रेकॉर्ड्स’ या छोट्या स्वतंत्र कंपनीच्या संस्थापकांपैकी एक. कंपनीचा सगळ्यात मोठा बँड होता न्यू ऑर्डर. या बँडची सगळी सिंगल्स गाडी चालवताना लागोपाठ ऐकावीत असं त्याच्या मनात आलं, पण तशी सीडी निघालेलीच नव्हती. मग त्याने ती काढायचं ठरवलं. ‘सबस्टन्स’ या संकलन अल्बमच्या जन्माची ही हकिगत मँचेस्टरमध्ये अजूनही अशीच सांगितली जाते.

हकिगत ऐकून हसू येतं. पण १९८६ संपेपर्यंत या बँडचे चार अल्बम बाजारात होते, तरी त्यांची नावाजलेली गाणी गाडीत ऐकायला मिळत नव्हती, हे कसं? ‘सबस्टन्स’वरच्या बारा गाण्यांपैकी नऊ गाणी मूळ ब्रिटिश एलपींवर कुठेच नव्हती. उरलेली तीन होती ती वेगळ्या, आखूड रूपात. एखाद्या कथाकाराने आपल्या उत्तम कथा वर्षानुवर्षं दिवाळी अंकांतच छापाव्यात आणि पुस्तकांत मात्र दुसऱ्याच कथा घ्याव्यात, तसं हे होतं. अंक जपून ठेवणाऱ्यांनाच तो लेखक खरा कळलेला असतो.

हे धोरण जाणूनबुजून ठरवलेलं होतं. ज्याने सिंगल विकत घेतलं त्याला तेच गाणं पुन्हा अल्बममधून विकायचं नाही, अशी फॅक्टरीची आणि बँडची भूमिका होती. मोठ्या कंपन्यांच्या हिशेबात हा शुद्ध वेडेपणा. तिथे सिंगल म्हणजे अल्बमची जाहिरात. न्यू ऑर्डरसाठी मात्र सिंगल हीच मुख्य कृती होती, आणि म्हणूनच त्यांच्या वाढीचा सलग इतिहास पहिल्यांदा मांडला तो या संकलनाने.

त्या इतिहासाची सुरुवात एका मृत्यूने होते.

४ जून १९७६ या दिवशी मँचेस्टरच्या लेसर फ्री ट्रेड हॉलमध्ये सेक्स पिस्टल्स हा पंक बँड वाजवायला आला. सॅलफर्डचे दोन तरुण, बर्नार्ड समनर आणि पीटर हुक, प्रेक्षकांत होते. वाजवणाऱ्यांना वाजवता येत नाही आणि तरी ते वाजवतात, एवढं त्यांना पुरलं. हुकने दुसऱ्याच दिवशी बेस गिटार विकत घेतली. पुढे मॅकल्सफील्डचा इअन कर्टिस गायला आला, त्याच गावचा स्टीव्हन मॉरिस ड्रम्सवर आला, आणि १९७८ च्या सुरुवातीला बँडचं नाव पडलं जॉय डिव्हिजन. ‘अननोन प्लेझर्स’ आणि ‘क्लोजर’ या दोन अल्बमांनी इंग्लंडमधल्या पंकनंतरच्या संगीताची दिशा बदलली. पण दुसरा अल्बम बाजारात येण्याआधीच, १८ मे १९८० रोजी, अपस्माराने आणि निराशेने पोखरलेल्या कर्टिसने आत्महत्या केली. तो २३ वर्षांचा होता. दुसऱ्या दिवशी बँड पहिल्यावहिल्या अमेरिका दौऱ्यासाठी निघणार होता.

चौघांतला एक गेला तर नाव पुढे चालवायचं नाही, असं त्यांचं आधीच ठरलेलं होतं. उरलेल्या तिघांनी नाव बदलून न्यू ऑर्डर केलं आणि कर्टिसबरोबर बांधलेली शेवटची दोन गाणी हाताशी घेतली: ‘सेरेमनी’ आणि ‘इन अ लोन्ली प्लेस’. ‘सेरेमनी’चे शब्द कुठे लिहून ठेवलेले नव्हते. तालमीच्या टेपमधला कर्टिसचा आवाज वाद्यांच्या गदारोळातून वेगळा काढून, इक्वलायझरची बटणं खालीवर करत समनरने ते उतरवून घेतले. गेलेल्या मित्राचं गाणं त्याच्याच आवाजातून ऐकून लिहायचं आणि मग स्वतः गायचं! गायचं कोणी हेही नक्की नव्हतं. तिघांनी गाऊन पाहिलं आणि शेवटी माइक समनरकडे आला, कारण कोणीतरी गायला हवंच होतं. त्याच्या गळ्यात कर्टिसची खोल गाज नव्हती. पातळ, थोडा बिचकणारा तो आवाज पुढे या बँडची ओळख ठरला. मॉरिसची मैत्रीण जिलियन गिल्बर्ट १९८० च्या शरदात कीबोर्ड आणि गिटार घेऊन आली. मग ‘सेरेमनी’ चौघांनी पुन्हा रेकॉर्ड केलं, आणि ‘सबस्टन्स’ सुरू होतं ते या दुसऱ्या आवृत्तीने.

गिल्बर्ट येण्याआधी, १९८० च्या सप्टेंबरमध्ये तिघे काही कार्यक्रमांसाठी अमेरिकेला गेले होते आणि न्यूयॉर्कमध्ये त्यांच्या वाद्यांनी भरलेली व्हॅन चोरीला गेली. गायक गेला, नाव गेलं, आता वाद्यंही गेली. पण न्यूयॉर्कने नुसतं नेलं नाही. त्या आणि पुढच्या फेऱ्यांत तिथल्या क्लबांमध्ये त्यांनी जे ऐकलं, ते मँचेस्टरच्या कळकट तालीमखोल्यांत कधी कानावर पडलं नव्हतं: डिस्कोचा अखंड ठोका, ड्रम मशीन, आणि बारा इंची तबकडीवर सात-आठ मिनिटं पसरलेलं गाणं.

या बारा इंची तबकडीबद्दल थोडं सांगायला हवं, कारण तिच्याशिवाय हे संकलन समजत नाही. नेहमीचं सिंगल सात इंचांचं असे. त्यावर तीन-चार मिनिटांचं गाणं बसे. तेच गाणं मोठ्या तबकडीवर घेतलं की खोबण्या रुंद आणि एकमेकींपासून दूर कोरता येतात. त्यामुळे आवाज मोठा मिळतो, खर्जाला जागा मिळते, आणि नाचणाऱ्यांना हवी तेवढी लांबी मिळते. न्यूयॉर्कच्या डिस्कोवाल्यांनी सत्तरच्या दशकाच्या मध्याला ही युक्ती रुळवली. गिटारवाल्या बँडांना ती खुळचट वाटे. न्यू ऑर्डरने मात्र तिला आपलं घर मानलं. पीटर हुक बेसच्या वरच्या तारांवर चाल वाजवायचा, समनरची गिटार खरवडत जायची, आणि या दोघांच्या खाली यंत्रांचा ठोका हळूहळू वर येत गेला. ‘सबस्टन्स’ क्रमाने ऐकलं की हे वर येणं स्पष्ट कळतं. १९८१ च्या ‘एव्हरीथिंग्ज गॉन ग्रीन’मध्ये यंत्र आणि माणसं एकमेकांना अजून अडखळतात. याच सुमाराला मार्टिन हॅनेट या हुशार पण हट्टी निर्मात्याशी त्यांचं फाटलं, आणि १९८२ चं ‘टेम्प्टेशन’ त्यांनी स्वतःच घडवलं. शोकाचा भार उतरल्याची पहिली खूण मला ‘टेम्प्टेशन’मध्ये ऐकू येते.

मग १९८३ चा मार्च आणि ‘ब्लू मंडे’.

कार्यक्रमाच्या शेवटी प्रेक्षकांनी कितीही टाळ्या पिटल्या तरी ‘वन्स मोअर’ द्यायचं नाही, अशी या बँडची ख्याती होती. लोक चिडत. तेव्हा, आपण आत निघून जावं आणि बटण दाबताच यंत्रानेच वाजवावं असं एक गाणं करू, अशी कल्पना निघाली. समनरने सुटे भाग आणून, घरी डाग देऊन एक सिक्वेन्सर, म्हणजे भरलेले सूर आपोआप वाजवणारं यंत्र, जोडला होता. ड्रमसाठी ओबरहाइम कंपनीचं डीएमएक्स यंत्र, खर्जासाठी मूग सिंथेसायझर. एकमेकांशी बोलायची सोय नसलेली ही यंत्रं जुळवून घेण्यात दिवसच्या दिवस गेले. गिल्बर्टने अख्ख्या गाण्याचे सूर कागदाच्या लांब पट्ट्यांवर लिहून काढले आणि यंत्रात एकेक भरले. भरताना एक सूर सुटला. त्यामुळे चाल ठोक्याच्या किंचित मागेपुढे सरकत राहते. ती चूक तशीच राहू दिली हे फार चांगलं झालं. त्या सरकण्यामुळेच गाणं जिवंत वाटतं. साडेसात मिनिटांच्या या गाण्यात समनर गायला लागेपर्यंत दोन मिनिटं उलटतात, आणि गातो तेव्हा भावना जणू बाहेर ठेवून गातो.

वेष्टन केलं पीटर सॅव्हिलने. स्टुडिओत त्याला फ्लॉपी डिस्क दिसली आणि वेष्टनही तसंच करायचं त्याने ठरवलं: काळा कागद, त्यात कापून काढलेल्या खिडक्या, आतलं वेष्टन चंदेरी. बँडचं नाव नाही, गाण्याचं नाव नाही. कडेला रंगांच्या चौकोनांची एक लिपी, तीच वाचायची. छपाई आणि कापणी इतकी महाग पडली की सुरुवातीच्या प्रत्येक प्रतीमागे फॅक्टरीला काही पेनींचा तोटा होत होता. नेमका किती, हा आकडा सांगणाऱ्यागणिक बदलतो. तोटा चालेल, कारण प्रती फारशा खपणार नाहीत, असा सगळ्यांचा अंदाज होता. ब्रिटनच्या इतिहासात सर्वांत जास्त खपलेलं बारा इंची सिंगल हेच ठरलं.

फॅक्टरीचं वेगळेपण नेमकं इथे दिसतं. कंपनीतल्या प्रत्येक गोष्टीला अनुक्रमांक मिळे. तबकडीला मिळे तसाच भित्तिपत्रकाला, नाइटक्लबला, हॅनेटने कंपनीवर भरलेल्या दाव्याला, पुढे क्लबमधल्या मांजरालासुद्धा. ‘सबस्टन्स’चा क्रमांक २००. जॉय डिव्हिजनबरोबरचा करार विल्सनने स्वतःच्या रक्ताने लिहिला असं सांगतात. त्याचा मथितार्थ असा की संगीताची मालकी संगीतकारांची, कंपनीच्या मालकीचं काही नाही. नफा निम्मा-निम्मा. एका व्यापारी संस्थेने स्वतःला असं बांधून घेतल्याचं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

मँचेस्टर हे नाव मुंबई-विदर्भाला परकं नाही. १८६१ ते १८६५ या अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात तिकडचा कापूस बंद झाला, तेव्हा लँकशरच्या गिरण्या वऱ्हाड-खानदेशच्या कापसावर चालल्या आणि मुंबईत पैशाचा पूर आला. शंभर वर्षांनी तिकडच्या गिरण्या बंद पडत गेल्या. समनर आणि हुक वाढले ते त्या ओसाड होत चाललेल्या, काजळलेल्या गावात. विल्सनच्या डोक्यात गावाला पुन्हा उभं करण्याचा ध्यास होता, आणि बँडचा मॅनेजर रॉब ग्रेटनला न्यूयॉर्कसारखा क्लब गावात हवा होता. २१ मे १९८२ रोजी व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर, एके काळी नौका विकायला ठेवायच्या त्या मोठ्या इमारतीत, ‘हासिएन्डा’ उघडला. बेन केली या वास्तुसजावटकाराने खांबांवर पिवळेकाळे पट्टे ओढले, कारखान्यात धोक्याच्या जागी असतात तसे. पैसे फॅक्टरीचे आणि न्यू ऑर्डरचे. पहिली काही वर्षं तिथे बहुतेक रात्री रिकाम्या जात, आणि ‘ब्लू मंडे’सारख्या गाण्यांची कमाई त्या खांबांमध्ये मुरत होती. बँडचे लोक लाखो प्रती विकून साध्या पगारावर जगत होते. हुकने पुढे या क्लबवर एक पुस्तक लिहिलं. त्यातल्या जमाखर्चाच्या गोष्टी वाचताना जीव तुटतो.

पुढची गाणी भराभर आली. ‘कन्फ्यूजन’ न्यूयॉर्कचा निर्माता आर्थर बेकर याच्याबरोबर केलं. ‘थीव्ज लाइक अस’ आलं. ‘द परफेक्ट किस’चा व्हिडिओ चित्रपट दिग्दर्शक जोनाथन डेमीने केला. ‘शेलशॉक’ एका हॉलिवूड चित्रपटासाठी झालं, आणि ‘स्टेट ऑफ द नेशन’चं काम जपान दौऱ्यात टोकियोला. ‘सब-कल्चर’चं ‘सबस्टन्स’वरचं रूप मला फार गजबजलेलं वाटतं, ‘लो-लाइफ’ अल्बमवरचं साधं रूप त्याहून सरस आहे. ‘बिझार लव्ह ट्रँगल’ला मात्र तोड नाही. त्या काळात हे सूर गोव्यापर्यंतही पोचले होते. ऐंशीच्या दशकाच्या मध्याला हणजुण्याच्या किनाऱ्यावर लॉराँसारखे फ्रेंच डीजे युरोपातल्या यंत्रसंगीताच्या तबकड्या कॅसेटवर घेत आणि गायन कापून टाकून नुसता ठोका रात्रभर वाजवत. त्यांच्या पेटीतल्या बँडांची नावं सांगताना जुने लोक न्यू ऑर्डरचंही नाव घेतात. पुढे गोवा ट्रान्स म्हणून जगभर गेलेल्या संगीताच्या मुळाशी ज्या अनेक गोष्टी आहेत, त्यांत ही एक.

१९८७ च्या वसंतात, विल्सनचं संकलन ठरल्यावर, त्यासाठी एक नवं गाणं हवं होतं. स्टीव्हन हेग हा अमेरिकन निर्माता आला आणि बँडने त्याच्याबरोबर दोन गाणी केली: ‘ट्रू फेथ’ आणि ‘१९६३’. आजवर स्वतःच्या मर्जीने चालणाऱ्या या चौघांना कोणीतरी गाण्याची बांधणी घासूनपुसून दिली. ‘ट्रू फेथ’ ब्रिटनमध्ये चौथ्या क्रमांकावर गेलं. फिलिप दकूफ्ले या फ्रेंच नृत्यदिग्दर्शकाचा व्हिडिओ, त्यातली फुगीर रंगीत पोशाखातली, एकमेकांना तालात थपडा मारणारी माणसं, ही तर वेगळीच गंमत. ‘सबस्टन्स’ ऑगस्टमध्ये निघालं. वेष्टन पांढरंशुभ्र, त्यावर मोजकी अक्षरं आणि साल. चित्र नाही, चौघांचे चेहरे नाहीत.

संकलन मात्र निर्दोष नव्हतं, आणि चाहत्यांमध्ये त्यावरून अजून वाद होतात. ‘टेम्प्टेशन’ आणि ‘कन्फ्यूजन’ ही दोन गाणी बँडने या अल्बमसाठी नव्याने रेकॉर्ड केली. जुनी त्यांना कच्ची वाटत होती. ‘कन्फ्यूजन’चं फारसं बिघडलं नाही. ‘टेम्प्टेशन’च्या बाबतीत मी जुन्याच्या बाजूने उभा आहे. १९८२ च्या रेकॉर्डिंगमध्ये समनर गात असताना कोणीतरी त्याच्या सदऱ्यात बर्फाचा गोळा टाकला असं सांगतात, आणि त्याची किंकाळी तबकडीत राहिली आहे. ते गाणं धडपडत, धाप लागत पुढे जातं. दोन वर्षांच्या दुःखानंतर हसायला शिकणारी माणसं त्यात ऐकू येतात. १९८७ च्या रूपात सगळं सुबक आहे, वाद्यं स्वच्छ आहेत, आणि ती धाप गेली आहे.

दुसरी अडचण सीडीची. जिच्यासाठी सगळा खटाटोप, तिच्यावर बारा बारा-इंची गाणी पूर्ण लांबीची मावत नव्हती. ‘शेलशॉक’ला सर्वांत मोठी कात्री लागली, ‘द परफेक्ट किस’चा शेवट कापला गेला. पण सीडीच्या संचात दुसरी एक तबकडी होती आणि तिच्यावर सिंगल्सच्या मागच्या बाजूची गाणी होती. तिथेही एका गाण्याच्या जागी भलत्याच गाण्याचं नाव छापलं गेलं. तरी जाणकारांनी त्या तबकडीवर जीव टाकला. ती ‘इन अ लोन्ली प्लेस’ने सुरू होते आणि ‘१९६३’ने संपते, म्हणजे कर्टिसच्या शेवटच्या शब्दांपासून हेगच्या चकचकीत स्टुडिओपर्यंत तोच सहा-सात वर्षांचा प्रवास, मागच्या वाटेने.

अमेरिकेत या अल्बमने कमालच केली. तिकडे बँडच्या तबकड्या क्विन्सी जोन्सची क्वेस्ट कंपनी काढत असे. कॉलेज रेडिओवर आणि क्लबांत अधूनमधून ऐकू येणारी महागडी आयात सिंगल्स आता एकत्र, परवडेल अशा किमतीत मिळाली, आणि ‘सबस्टन्स’ दहा लाखांवर गेलं. त्या वर्षी एको अँड द बनीमेन या लिव्हरपूलच्या बँडबरोबर त्यांनी अमेरिकेचा दौरा केला, तोही हजारोंच्या खुल्या रंगमंचांवर. ब्रिटनमध्ये अल्बम तिसऱ्या क्रमांकावर पोचला. पुढच्याच वर्षी फॅक्टरीने जॉय डिव्हिजनच्या सिंगल्सचंही याच नावाचं संकलन काढलं, कारण ‘ट्रान्समिशन’, ‘अ‍ॅटमॉस्फिअर’ आणि ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ हीसुद्धा कुठल्या स्टुडिओ अल्बमवर नव्हती. दोन्ही शेजारी ठेवले की एकाच माणसांच्या दशकभराच्या कामाचे दोन खंड तयार होतात.

आलेला पैसा टिकला नाही. १९८८ पासून अ‍ॅसिड हाउस या नाचाच्या संगीताच्या लाटेत ‘हासिएन्डा’ ओसंडून वाहू लागला, पण एक्स्टसी ही नशेची गोळी घेणारी पोरं दारू विकत न घेता पाणी पीत, आणि गल्ला रिकामाच राहायचा. मागोमाग गुंडांच्या टोळ्या आल्या, पिस्तुलं आली. फॅक्टरीने ड्राय नावाचा बार उघडला, चार्ल्स स्ट्रीटवर महागडं मुख्यालय थाटलं. हॅपी मंडेज या दुसऱ्या बँडच्या बार्बेडोसमधल्या रेकॉर्डिंगचा खर्च हाताबाहेर गेला. नोव्हेंबर १९९२ मध्ये कंपनी बुडाली. लंडन रेकॉर्ड्स ती विकत घ्यायच्या बेतात होती, पण कागद तपासले तेव्हा विकत घेण्यासारखं काही निघालंच नाही. मालकी संगीतकारांची, हे विल्सनने लिहून दिलेलं तत्त्व तिथे अक्षरशः खरं ठरलं. न्यू ऑर्डरने लंडन रेकॉर्ड्सशी स्वतंत्र करार केला आणि गाणी आपल्याकडे ठेवली. ‘हासिएन्डा’ १९९७ मध्ये बंद पडला. त्या जागी आता त्याच नावाची घरं आहेत. विल्सन १० ऑगस्ट २००७ रोजी गेला. त्याच्या शवपेटीलाही फॅक्टरीचा क्रमांक मिळाला, ५०१.

हुक त्याच वर्षी बँडपासून वेगळा झाला आणि दोन्ही बाजू पुढे कोर्टात गेल्या. तरी २०१६ मध्ये आपल्या नव्या बँडबरोबर फिरताना त्याने दोन्ही ‘सबस्टन्स’ अथपासून इतिपर्यंत वाजवले. न्यू ऑर्डरने २०२३ मध्ये अल्बमची विस्तारित आवृत्ती काढली. तिच्यात १२ सप्टेंबर १९८७ ची, कॅलिफोर्नियातल्या आयर्व्हिन मेडोजची मैफल आहे; त्या रात्री चौघांनी बाराही गाणी अल्बमच्याच क्रमाने वाजवली होती. नव्याने ऐकणाऱ्याने पहिल्या तबकडीपासून सुरुवात करावी, गाणी मागेपुढे करू नयेत, आणि तिसऱ्या गाण्यापाशी आलं की १९८२ चं मूळ ‘टेम्प्टेशन’ शोधून तेही ऐकावं.